लातूरच्या धुऱ्यावर बॅटरी घेऊन: गोगलगायी मोजायची ट्रिप

दिवस पहिला: पुणे ते औसा

निघायचं ठरलं होतं सहाला, निघालो साडेसातला, चौघांत एक तरी उशिरा उठणारा असतोच त्यामुळे त्यावर जास्त बोलत नाही. गाडीत मी, औसा तालुक्यातला माझा मित्र (मुक्काम त्याच्याच घरी), झूलॉजी शिकवणारी एक ताई आणि गाडीचा मालक म्हणजे तिचा भाऊ. डिकीत कपडे कमी आणि बाकीचंच जास्त. पीव्हीसी पाइपच्या एक मीटर बाय एक मीटर चौकटी, रबरी ग्लोव्हज, हेडटॉर्च, व्हर्निअर कॅलिपर, झाकणाच्या बादल्या, खडे मिठाच्या पिशव्या. चहाच्या टपरीवर एकानं विचारलंच, प्लंबिंगचं काम घेतलंय का कुठं? भाऊ म्हणाला नाही हो, गोगलगायी मोजायला चाललोय. त्या माणसानं पुढं काही विचारलं नाही.

आता ट्रिपचं कारण. २०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात शंखी गोगलगायींनी (मूळच्या आफ्रिकेच्या, मोठ्या शंखाच्या) सोयाबीनची उगवून आलेली रोपं रातोरात खाल्ली, लोकांनी दुबार पेरणी केली, काहींची तीही गेली. पेपरात फोटो आले, पंचनामे झाले, शेवटी सरकारनं गोगलगायीच्या नुकसानीलाही मदत द्यायचं ठरवलं. मित्राचे काका तेव्हापासून एकच गोष्ट सांगतात, नुकसान मोजायला सगळे आले, तलाठी आला, कृषी सहायक आला, ग्रामसेवक आला, पण गोगलगाय मोजायला कोणी आलं नाही. ती किती आहे, कुठं बसते, कुठून येते. हे ताईच्या कानावर गेलं आणि तिनं सुट्ट्या बघायला घेतल्या.

पहिला थांबा सोलापूर रोडवरच्या एका नर्सरीत. ताईची अटच होती. मालक आधी गिऱ्हाईक म्हणून खूश झाला, मग आम्ही कुंड्या उचलून खाली बघायला लागलो तेव्हा जरा गंभीर झाला. कुंड्यांच्या खालच्या भोकापाशी पांढुरक्या, लांबट, टोकदार अशा एक सेंटीमीटरच्या आतल्या बारीक गोगलगायी होत्या. ताई म्हणाली ही अ‍ॅलोपियस, कुंड्यांच्या मातीतून जगभर फिरून झालीये तिची, हिची एवढी काळजी नाही. मग कोपऱ्यात, जिथं परत आलेल्या आणि न खपलेल्या रोपांच्या पिशव्या पडून होत्या, तिथं एका पिशवीच्या मातीत अंडी सापडली, पिवळसर पांढरी, भिजवलेल्या साबुदाण्यासारखी, एकाच ढिगात शंभरच्या वर असतील. शंखी गोगलगायीची. मालक म्हणाला ते खताचे दाणे आहेत. ताईनं एक फोडून दाखवलं. नर्सरीचं नाव लिहीत नाही कारण दुसऱ्या कुठल्याही नर्सरीत थांबलो असतो तरी हेच दिसण्याची शक्यता होती, आणि त्या बिचाऱ्यानं नंतर सगळी पिशवी स्वतः खड्डा करून पुरायला घेतली, वर चुनाही टाकला.

रस्ता नेहमीचाच, टेंभुर्णी, कुर्डुवाडी, बार्शी, येडशी, मुरुड. बार्शीच्या अलीकडं जेवलो. येडशीजवळ रामलिंगला थांबायचं होतं पण पाऊस भरून आला आणि ताईचा जीव वर-खाली व्हायला लागला, कारण संध्याकाळी पाऊस म्हणजे रात्री काम. लातूरला गंजगोलाईत गाडी घालायचा हट्ट भावाचा, सोळा रस्ते एका गोल बाजारात येऊन मिळतात ते त्याला बघायचं होतं, बघितलं, पार्किंग काही मिळालं नाही. औशाच्या पुढं गावात पोचलो तेव्हा अंधार पडला होता आणि पाऊस मात्र नुसता गुरगुरून निघून गेलेला. काकूंनी, म्हणजे मित्राच्या आईनं, धपाटे आणि दही वाढलं. कोणी कुठं गेलं नाही, सगळे झोपले.

दिवस दुसरा: दिवसा काही नाही, रात्री सगळं

सकाळी शेतावर. इकडं शेतातल्या खोपटाला आखाडा म्हणतात आणि बांधाला धुरा, आमच्या पुणेरी तोंडात दोन्ही शब्द दुपारपर्यंत बसले. पेरणी होऊन आठवडा-दीड आठवडा झालेला, सोयाबीन दोन पानांवर. सगळं हिरवंगार आणि एकही गोगलगाय नाही. भाऊ म्हणाला एवढ्या लांब कशाला आणलं मग. काका हसले आणि म्हणाले, "दिसा कुठं बगताव, ती काय पाव्हणीय का दारात बसायला."

मग त्यांनीच फिरवलं. धुऱ्यावरचे दगड उलटले, उसाच्या फडातलं पाचट बाजूला केलं, विहिरीच्या कठड्याच्या सावलीत हात घातला, ठिबकच्या गुंडाळून ठेवलेल्या नळ्यांचा ढीग हलवला, आणि प्रत्येक ठिकाणी होत्या. एकावर एक चिकटून. तपकिरी शंखावर गडद उभे पट्टे, मोठी असेल ती हाताच्या पंज्यात जेमतेम मावणारी. अजूनही काहींनी शंखाचं तोंड पांढऱ्या पातळ पडद्यानं बंद केलेलं होतं. ताईनं एक हातात घेऊन (ग्लोव्हज घालून) समजावलं की पाऊस गेला, जमीन कोरडी झाली की ही मातीत किंवा दगडाखाली जाते, तोंडाला हे झाकण लावून घेते आणि महिनोन् महिने न खाता-पिता पडून राहते, पाऊस आला की झाकण खाऊनच बाहेर.

हे ऐकताना मला २०१६ चा उन्हाळा आठवला, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. तशा जिल्ह्यात ओलाव्याशिवाय हालचाल न करणारा प्राणी एवढा का माजला, हे मला कधी कळत नव्हतं. दुष्काळ तिला मारत नाही, नुसता झोपवतो. आणि मधल्या काळात लागोपाठ पावसाची चांगली वर्षं, उसाचं क्षेत्र, ठिबक, बारा महिने ओल राहणारी धुऱ्याची सावली एवढं मिळालं की ती वाढतेच, कारण वाढीचा हिशोब भयंकर आहे. प्रत्येक गोगलगाय नरही आणि मादीही, म्हणजे दोन भेटल्या तर दोन्ही अंडी घालू शकतात, एकदा मिळालेलं वीर्य साठवून ठेवून पुढं वापरतात, आणि एक गोगलगाय वर्षाला हजाराच्या वर अंडी घालू शकते. पिल्लू सहा महिन्यांत वयात येतं. आयुष्य पाच-सहा वर्षं. काका हे सगळं ऐकून म्हणाले, "आन् आमी सोयाबीन लावताव."

दुपारी झोप. चारला आभाळ आलं, साडेपाचला सडकून पाऊस. नऊला जेवून निघालो.

बॅटरी लावून पाणंदीनं चालत गेलो तर पहिल्या पन्नास पावलांत समजलं की पाय कुठं ठेवायचा हाच प्रश्न आहे. गोठ्याच्या भिंतीवर, विहिरीवरच्या खोलीच्या चुन्याच्या भिंतीवर (शंख बनवायला कॅल्शियम लागतं म्हणून चुना खरवडून खातात, रंग दिलेल्या भिंतीचे पोपडे निघतात ते यांच्यामुळंही), पपईच्या खोडावर, उकिरड्यावर. आणि धुऱ्यावरून उतरून सोयाबीनमध्ये. आवाज येतो. खरंच येतो, मला कोणी सांगितलं असतं तर हसलो असतो, पण सगळे गप्प उभे राहिलो तेव्हा पानं खरवडल्याचा बारीक करकर आवाज ऐकू येत होता.

एक रोप संपायला किती वेळ लागतो ते बघत बसलो. आधी कोवळी दोन पानं, मग शेंड्याचा कोंब, मग देठ वरून खाली. शेंडा गेला की ते रोप संपलं. ऊस खाल्ला तर परत फुटतो, सोयाबीनला तो चान्स नाही. म्हणून पेरणीनंतरचे पहिले पंधरा-वीस दिवस एवढे महत्त्वाचे, नंतर रोप टणक झालं की तिचं लक्ष भाजीपाल्यावर, पपईवर, झेंडूवर जातं. खाते काहीही, पाचशेच्या वर जातीच्या वनस्पती खाते म्हणून नोंद आहे.

चौकटी टाकायचं काम सुरू केलं. पद्धत अशी की धुऱ्यापाशी एक चौकट, पाच मीटर आत एक, दहा मीटरवर एक, शेताच्या मध्यावर एक, प्रत्येकीत किती गोगलगायी, किती मोठ्या, किती पिल्लं, किती रोपं शाबूत, किती खाल्लेली. एकजण मोजतो, एकजण लिहितो, एकजण बॅटरी धरतो. भाऊ बॅटरी धरायला होता आणि अर्ध्या तासात तो आमच्या सगळ्यांपेक्षा तयार झाला, पिल्लं त्यालाच आधी दिसायची. वेचलेल्या बादलीत, बादलीत मीठ घातलेलं पाणी. फेस येतो, वास येतो, सुंदर काही नसतं, तपशील देत नाही.

काकांच्या शेजारच्या शेतात एक आजोबा आणि त्यांचा नातू तेच काम मोजणीशिवाय करत होते. गुळाच्या पाण्यात भिजवलेलं बारदान संध्याकाळी ठिकठिकाणी पसरून ठेवायचं, त्याखाली गोळा होतात, पहाटे उचलायचं, वेचायच्या. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं सांगितलेल्या उपायांत हे आहेच आणि स्वस्त आहे. चुन्याचा पट्टाही सांगतात, धुऱ्याच्या कडेनं, पण तो पाऊस पडला की वाहून जातो आणि गोगलगाय नेमकी पावसातच फिरते, त्यामुळं मला तो पट्टा मोबाइलच्या फोटोपुरता जास्त वाटला, हे माझं मत. मेटाल्डिहाइडच्या, म्हणजे गोगलगायी मारायच्या विषाच्या, गोळ्या मात्र काम करतात, सल्ला एकरी २ किलोचा असतो, पण कुत्र्यानं किंवा जनावरानं खाल्ल्या तर विषबाधा होते, आणि पाखरांचाही धोका, त्यामुळं आजोबा त्या टाकत नाहीत. त्यांच्या शब्दांत, "कुत्रं गेलं तर आखाडा कोण राखंल?"

परत आलो एक वाजता. सगळ्यांनी साबणानं हात धुतले, नखांतून सुद्धा, ताईनं उभं राहून धुवून घेतले. कारण उंदरांच्या फुफ्फुसातल्या एका कृमीची (अँजिओस्ट्रॉन्गिलस) पिल्लं या गोगलगायीत वाढतात, ती माणसाच्या पोटात गेली तर मेंदूच्या आवरणाला सूज येते. केरळमध्ये लहान मुलांत आढळलेल्या अशा मेंदूज्वराचा संबंध या गोगलगायीशी जोडला गेलाय. कच्ची पालेभाजी, कोथिंबीर नीट धुणं आणि उघड्या हातानं न वेचणं, बास, घाबरायचं कारण नाही. पण गावात लहान मुलं शंखाशी खेळतात आणि वेचायला बायका उघड्या हातानं जातात हे आम्ही दोन्ही बघितलं.

दिवस तिसरा: जुनं गाव

रात्रीच्या आकड्यांवरून सकाळी वहीत नकाशा काढला. मध्यावरच्या चौकटी जवळपास रिकाम्या, धुऱ्याच्या भरलेल्या, ओढ्याकडच्या धुऱ्याच्या सगळ्यात जास्त. इथपर्यंत अपेक्षेप्रमाणं. पण गावाच्या पूर्वेच्या तीन शेतांत आकडे एकदम चढलेले, तिथं ना ओढा, ना ऊस. मित्र वही बघून म्हणाला, "अरे ते जुन्या गावाला लागून आहे."

जुनं गाव म्हणजे ३० सप्टेंबर १९९३ च्या आधीचं गाव. किल्लारीचा भूकंप याच तालुक्यातला. मातीत रचलेल्या दगडी जाड भिंती पहाटे झोपलेल्या माणसांवर आल्या, नंतर गावंच्या गावं उचलून दुसरीकडं वसवली, आणि जुन्या जागा तशाच राहिल्या. तीस वर्षांत तिथं बाभळी, रुई, घाणेरी माजलीये आणि खाली दगडांचे ढीग. आम्ही गेलो तर काका बाहेरच थांबले, आत आले नाहीत, आम्हीही त्यांना या म्हणालो नाही.

दगडाखाली माती ओलसर, गार. आणि गोगलगायी. ताईला इतका वेळ बोलताना बघितलेलं, इथं ती गप्प बसून नुसती लिहीत होती. भिंतींच्या उरलेल्या जोत्यांच्या फटीत रिकामे शंखही खूप, उन्हानं पांढरे पडलेले, वेगवेगळ्या आकारांचे, म्हणजे इथं त्या एका वर्षात आलेल्या नाहीत, पिढ्या झाल्यात. शेताच्या धुऱ्यावर कितीही वेचा, इथून दरवर्षी परत भरती होणार. आणि पडीक जागा कोणाच्याच सात-बाऱ्यावर पीक म्हणून नसते, त्यामुळं इथं पंचनामाही नाही आणि फवारणीही नाही. मला वाटतं आख्ख्या ट्रिपमधली सगळ्यात कामाची नोंद ही. २०२२ मध्ये ज्यांची शेतं पहिल्याच आठवड्यात गेली त्यांची नावं काकांनी बाहेर उभं राहून सांगितली तर तीच तीन शेतं.

शंखी गोगलगाय ओळखायची कशी हे पण तिथंच शिकलो. शंखाच्या तोंडातून आत बघायचं, मधला खांब खालच्या टोकाला तिरका तुटून संपतो, गोल वळून कडेला मिळत नाही. मोठ्या शंखाला सात ते नऊ वेढे. पिल्लातही खांब तसाच दिसतो, त्यामुळं एक सेंटीमीटरचं पिल्लू पण ओळखता येतं. हे महत्त्वाचं कशासाठी, तर इथल्या मूळच्या गोगलगायी पण आहेत, पातळ शंखाच्या, छोट्या, सडलेला पाला खाणाऱ्या, त्या पिकाला काही करत नाहीत आणि वेचणीत त्याही बादलीत जातात. बाभळीच्या खोडाला चिकटलेल्या दोन-चार अशा दिसल्या, ताईनं फोटो काढून सोडल्या.

आणि शेणाच्या जुन्या ढिगाखाली अजून एक पाहुणी. बिनशंखाची, चपटी, काळपट, पाठीवर मधोमध फिकट रेघ, हात लावला की गोल होऊन बसते. लेव्हिकॉलिस आल्टे. हीही मूळची आफ्रिकेची मानतात, आपल्याकडं इतकी जुनी झालीये की कोणाला परकी वाटतच नाही, पुण्यात पावसाळ्यात बाथरूमच्या जाळीतून वर येते ती हीच. शेणखताच्या ट्रॉलीतून ही आणि तिची अंडी फिरतात. ताईची एक तक्रार आहे, मला पटली, की आपल्या सह्याद्रीतल्या गोगलगायींना अजून नावं मिळतायत, २०२१ मध्ये आंबोलीहून एक अर्धशंखी, म्हणजे अंग आत मावणार नाही इतका छोटा शंख असलेली, अख्खी नवीन जाती आणि नवीन वंश (जीनस) म्हणून नोंदवली गेली, सरीसृपतज्ज्ञ वरद गिरी यांच्या नावावरून वरदिया आंबोलिएन्सिस, आणि तोवर बाहेरच्या येऊन गावं बळकावतायत.

दुपारनंतर खरोसा लेणी. औसा–निलंगा रस्त्यावर आहेत, जांभ्या दगडात कोरलेली, फार लोक जात नाहीत, जा. तिथं गोगलगायी शोधायच्या नाहीत असा ठराव झाला होता जो ताईनं पहिल्या पाच मिनिटांत मोडला. तसंच पुढं निलंग्याला जाऊन निलंगा राईस खाल्ला, गाड्यावरचा, वर तेल मिरची मारलेला. भाऊ दोन प्लेटनंतर म्हणाला ट्रिप वसूल.

रात्री ओसरीवर बसलो तेव्हा मित्राच्या आजीनं विचारलं की ही आफ्रिकेची तर इथं आणली कोणी मेलीनं. ताईनं सांगितलं की मेल्यानं. पूर्व आफ्रिकेतून मॉरिशस वगैरे बेटांवर गेली आणि १८४७ मध्ये विल्यम बेन्सन नावाच्या शंखशिंपल्यांच्या अभ्यासकानं मॉरिशसहून आणून कलकत्त्यात चौरंगीच्या बागेत सोडली. मुद्दाम. तिथून बंगाल, बिहार, आसाम, ओडिशा, दक्षिण. पॅसिफिकच्या बेटांवर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जपान्यांनी खाण्यासाठी आणि औषधासाठी नेली. स्वतःच्या पायानं ती रात्रभरात काही मीटर जाते, बाकी हजारो मैल आपणच नेलंय. आजीला मॉरिशस कुठं आहे ते मोबाइलवर दाखवलं. ती म्हणाली, "समिंदर वलांडून आली व्हय गं," आणि मग बराच वेळ त्या साहेबाला काय काय म्हणत होती ते इथं लिहिता येत नाही.

दिवस चौथा: रेणापूर, अंबाजोगाई

लातूर ओलांडून रेणापूरमार्गे अंबाजोगाई. योगेश्वरीचं दर्शन घेतलं, हत्तीखाना लेणी बघितली, पाऊस रिपरिप. मित्राच्या मावसभावानं तिथल्या आठ-दहा शेतकऱ्यांना एका आखाड्यावर बोलावून ठेवलं होतं, शिवाय एक कृषी सहायक स्वतःहून आले, सुट्टीच्या दिवशी, त्यांचं कौतुक वाटलं.

चर्चा छान रंगली. एकानं सांगितलं त्यानं तीन वेगवेगळी कीटकनाशकं मारली, काही झालं नाही. होणारच नाही, गोगलगाय किडा नाही, किड्याचं औषध तिला लागू पडेलच असं नाही, पण दुकानदारानं दिलं आणि यानं मारलं, पैसे गेले. कृषी सहायकांनी मान खाली घालून मान्य केलं की असं खूप झालं त्या वर्षी. दुसऱ्यानं विचारलं, बदकं पाळली तर? बदकं छोटी पिल्लं खातात, पाळा, मोठीला काही करणार नाहीत. तिसरा तरुण पोरगा होता, तो म्हणाला यूट्यूबवर बघितलं, गोगलगाय खाणारी गोगलगाय असते, ती आणून सोडली तर?

ताई अशी सावरून बसली की मला कळलं आता अर्धा तास. हवाईत नेमकं हेच केलं. १९५५ मध्ये अमेरिकेच्या फ्लोरिडाकडची युग्लँडिना नावाची शिकारी गोगलगाय आणून सोडली, आफ्रिकन गोगलगायीला खाईल म्हणून. तिनं आफ्रिकन सोडून हवाईतल्या झाडांवरच्या छोट्या, रंगीत, जगात दुसरीकडं कुठंही नसलेल्या गोगलगायी खाल्ल्या, कित्येक जाती कायमच्या गेल्या. एवढं होऊनही १९७७ मध्ये फ्रेंच पॉलिनेशियात मोरिया बेटावर तीच सोडली, तिथल्या पार्टुला नावाच्या गोगलगायींच्या जातींचं तेच झालं, थोड्या वाचल्या त्या प्राणिसंग्रहालयांत काचेच्या पेटीत वाचल्या. पोरगा म्हणाला म्हणजे नको. नको.

मग फ्लोरिडाचीच दुसरी गोष्ट निघाली. १९६६ मध्ये एका मुलानं हवाईहून मायामीला तीन आफ्रिकन गोगलगायी आणल्या, आजीनं बागेत सोडून दिल्या, लक्षात येईपर्यंत हजारो झालेल्या. १८ हजारांच्या वर वेचल्या, दहा लाख डॉलरच्या आसपास खर्च झाला आणि १९७५ मध्ये संपल्या म्हणून जाहीर केलं. २०११ मध्ये परत सापडल्या, या वेळी दहा वर्षं लागली, २०२१ मध्ये परत संपल्याचं जाहीर, आणि २०२२ मध्ये फ्लोरिडातल्याच पास्को काउंटीत पुन्हा. पण त्यांच्याकडं वास ओळखणारी लॅब्राडोर कुत्री आहेत, सापडली की त्या भागातून माती, रोपं, पालापाचोळा परवानगीशिवाय हलवायला बंदी येते, आणि शेवटची सापडल्यावरही वर्षानुवर्षं बघत राहतात. सगळे ऐकत होते आणि एक वयस्कर मामा म्हणाले, आपल्याकडं कुत्री हायेत, पगार नाही. सगळे हसले, पण मुद्दा तोच होता. संपवणं आपल्या हातातलं राहिलेलं नाही, पावणेदोनशे वर्षं होऊन गेली. दाबून ठेवणं आहे, आणि त्यासाठी ती कुठं दडून बसते एवढं तरी माहीत पाहिजे.

इथंच थोडा वादही झाला. माझं म्हणणं होतं की सगळं जूनच्या आधी व्हायला हवं, मे महिन्यात धुऱ्याचे दगड उलटायचे, झाकण लावून झोपलेल्या असतानाच वेचायच्या, आणि पहिला मोठा पाऊस पडला की पेरणीच्या आधीच्या दोन-तीन रात्री अख्ख्या गावानं बाहेर पडायचं, कारण तेव्हा त्या भुकेल्या बाहेर येतात, अंडी अजून घालायची असतात आणि शेतात खायला काही नसतं म्हणून बारदानाखाली हमखास सापडतात. एकजण उठून म्हणाला, "साहेब, मे महिन्यात आमी बी-बियाण्याचे पैसे गोळा करत फिरताव, दगड कवा उलटावं?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. कृषी सहायक म्हणाले रोजगार हमीत बसवता येतं का बघतो. बघतील, न बघतील. पण एकट्यानं वेचून उपयोग नाही हे सगळ्यांनाच मान्य होतं, शेजाऱ्यानं नाही वेचल्या तर त्याच्या तुमच्याकडं.

आणि वेचलेल्या रस्त्यावर किंवा ओढ्यात फेकणारे पण आहेत. ओढ्यात फेकल्या तर खालच्या गावाला गेल्या. नुसत्या चिरडल्या तर पोटातली अंडी मातीत राहतात. मिठाच्या नाहीतर साबणाच्या पाण्यात मारून खोल खड्ड्यात, वर चुना, वर माती.

संध्याकाळी कृषी सहायकांनी आमच्या चौकटी, वही, फॉर्म सगळं बघितलं आणि फॉर्मचे फोटो काढून घेतले. जुन्या गावाचा नकाशा बघितल्यावर म्हणाले आमच्याकडं अशा पडीक गावठाणांची यादी असते, महसूलकडं, त्यावरूनच सुरुवात करता येईल. ताई परतीच्या रस्त्यावर लातूर येईपर्यंत त्यावरच बोलत होती.

दिवस पाचवा: परत

निघताना काकूंनी कडीपत्त्याचं रोप दिलं, घरचं, मातीच्या पिशवीत, शिवाय एक गोणी शेणखत तुमच्या टेरेसवरच्या कुंड्यांना म्हणून. प्रेमानं दिलेलं नको म्हणायचं कसं. मित्रानंच सोडवलं, आईला म्हणाला खत राहू दे, गाडीत वास येतो. रोप घेतलं पण हापशावर नेऊन पिशवी फोडली, मुळांची सगळी माती धुतली, मुळं ओल्या फडक्यात गुंडाळली. काकू बघत होत्या, त्यांना आधी वाटलं की पोरांना आमची माती घाण वाटली. ताईनं धुतलेली माती एका घमेल्यात पसरून दाखवली, काही नव्हतं त्यात, पण कशासाठी ते कळलं त्यांना. मग म्हणाल्या मागच्या वर्षी पुण्याहून गुलाबाची रोपं आणली होती ह्यानं, आणि सगळ्यांनी मित्राकडं बघितलं.

बूट, चौकटी, बादल्या, गाडीचे मडगार्ड सगळं तिथंच धुतलं. पाऊस असल्यानं भावाला दुपारच्या आत बार्शी गाठायची होती, गाठली. टेंभुर्णीला जेवण, पुढं ट्रॅफिक, पुण्यात पोचलो तेव्हा रात्र झाली होती.

नोंदी ताईकडं आहेत, ती पुढच्या आठवड्यात साफ करून औसा आणि अंबाजोगाईच्या लोकांना पाठवणार आहे. मे महिन्याच्या शेवटी जुन्या गावातले दगड उलटायला परत जायचं आहे, काकांनी गावातली पंधरा-वीस पोरं देतो म्हटलंय. कोणाला यायचं असेल तर सांगा, राहायची-जेवायची सोय होईल, ग्लोव्हज आणि हेडटॉर्च मात्र स्वतःचे आणा, गेल्या खेपेला भावाचा टॉर्च तिघांत मिळून वापरावा लागला.